वापरलेली कॉर्डलेस टूल्स घ्यावीत का, आणि बॅटरीचं काय करायचं?

प्रश्न : मी घरची आणि थोडीफार बाहेरची सुतारकामं करतो. आजवर वायरचं ड्रिल मशीन वापरलं. आता ओळखीतले एक गृहस्थ त्यांचा कॉर्डलेस सेट विकतायत : १८ व्होल्टचं ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, छोटा ग्राइंडर, ५ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन बॅटऱ्या आणि चार्जर. टूल्स दिसायला चांगली आहेत. पण एक बॅटरी लगेच उतरते आणि दुसरी चार्जरवर लावली की नुसता लाल दिवा लुकलुकतो. ते म्हणतात, ‘सेल बदलले की नव्यासारखी होईल.’ हे खरं आहे का? ऑनलाइन ९ एएचच्या स्वस्त बॅटऱ्याही दिसतात, त्या घ्याव्यात का? आणि घरात वडिलांचं १४.४ व्होल्टचं निकेल-कॅडमियमवालं जुनं ड्रिल पडून आहे, त्याला लिथियम बॅटरी बसवता येईल का?

उत्तर : दोन्ही बॅटऱ्यांची किंमत शून्य धरा. मग उरलेल्या तीन टूल्ससाठी आणि चार्जरसाठी ते गृहस्थ मागतायत तेवढे पैसे द्यावेसे वाटतात का, ते बघा. वाटत असतील तरच पुढे जा. मोटर, गिअर, स्विच हे नीट वापरले तर वर्षानुवर्षं टिकतात आणि बिघडले तर त्यांचे भाग मिळतात. बॅटरी मात्र वापरली तरी उतरणीला लागते आणि कपाटात पडून राहिली तरी लागते. दोन ओरिजिनल बॅटऱ्या आणि चार्जर यांची किंमत मिळून नुसत्या ड्रिलपेक्षा जास्त भरते, असं बहुतेक ब्रँडमध्ये आढळेल. त्यामुळे जुन्या सेटचा सौदा फसतो तो नव्वद टक्के वेळा बॅटरीपायीच.

टूल हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट नक्की करा : या टूलला बसणारी बॅटरी कंपनी आजही बनवते का? ब्रँडचं नाव आणि १८ व्होल्ट जुळले म्हणजे बॅटरी बसेलच असं नाही. बॉशच्या निळ्या प्रोफेशनल टूल्सची आणि हिरव्या घरगुती टूल्सची १८ व्होल्टची बॅटरी एकमेकांत चालत नाही. मकितामध्ये एलएक्सटी आणि जी-सिरीज अशा दोन वेगळ्या १८ व्होल्टच्या जाती आहेत. डीवॉल्टचं जुनं १८ व्होल्ट म्हणजे मुठीत घुसणाऱ्या दांड्याची निकेल बॅटरी, तर आताची सरकवून बसवायची. जुन्या टूलला नवी बॅटरी लावायला कंपनीचाच ॲडाप्टर निघाला होता. रायोबीने मात्र वन प्लसचा आकार १९९६ पासून तोच ठेवलाय. हिताचीची टूल्स २०१८ पासून हायकोकी या नावाने येतात, तेव्हा जुन्या हिताचीची बॅटरी शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.

मकिता एलएक्सटी असेल तर टूलच्या बॅटरी बसायच्या खाचेत पिवळा कनेक्टर आहे का, ते पाहा. तो असेल तर बॅटरी खूप उतरल्यावर किंवा टूलवर ताण आल्यावर टूल स्वतः बंद होतं. तो नसलेलं फार जुनं टूल बॅटरी तळापर्यंत उपसत राहतं. १.५ आणि २ एएचच्या छोट्या बॅटऱ्या त्या जुन्या टूल्सना बसतही नाहीत.

लेबलवर कुठे ‘१८ व्होल्ट’ तर कुठे ‘२० व्होल्ट मॅक्स’ असतं. आत दोन्हीकडे तेच, पाच लिथियम सेल एकापुढे एक. सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६, म्हणून पाचाचे १८. पूर्ण चार्ज झाला की ४.२ च्या आसपास, म्हणून २१. वीसवालं जास्त ताकदीचं म्हणून जास्त पैसे देऊ नका.

टूल्स कशी तपासायची

शक्य असेल तर ओळखीच्या कुणाकडून त्याच ब्रँडची चांगली, चार्ज केलेली बॅटरी घेऊन जा. मेलेल्या बॅटरीवर चांगलं टूलही अशक्त वाटतं आणि मग दोष नेमका कशाचा, ते कळत नाही. विकणाऱ्याने स्वतःच्या तिसऱ्याच बॅटरीवर टूल चालवून दाखवलं, तर तीच बॅटरी सौद्यात आहे का, हे तिथल्या तिथे विचारून घ्या.

ड्रिलमध्ये सरळ, नवी ६ मिलिमीटरची बिट लावा आणि अगदी हळू फिरवून बिटच्या टोकाकडे बघा. टोक स्पष्ट गोल घेत असेल तर एक तर चक (बिट पकडणारा पुढचा भाग) खराब आहे, नाही तर स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) वाकलाय. बॅटरी काढून चक हाताने धरून आडवा हलवा. किंचित हालचाल चालते, खडखड चालत नाही. स्पिंडल ठीक असून चकच गेला असेल तर घाबरू नका, चक बदलता येतो. जबडे पूर्ण उघडले की आत तळाशी एक स्क्रू दिसतो. तो उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे सोडवताना उजवीकडे फिरवायचा. हे माहीत नसल्याने बरेच जण त्याचं डोकं खराब करून ठेवतात, तेही बघून घ्या.

ट्रिगर अगदी हलका दाबून वेग शून्यापासून वर जातो का, मध्येच झटका खातो का, ते तपासा. सोडल्यावर चक लगेच थांबला पाहिजे. तो गरगरत राहिला आणि मॉडेलला ब्रेक असेल, तर स्विचमध्ये गडबड आहे. दोन्ही गिअर आणि उलट-सुलट दिशा चालवून बघा. मग हातमोजा घालून चक पकडा, क्लच (ठरावीक जोरानंतर फिरणं सोडून देणारी, आकड्यांची कडी) १ वर ठेवा आणि ट्रिगर दाबा : कटकट वाजून क्लच सुटायला हवा. हा प्रयोग फक्त क्लचच्या खालच्या आकड्यांवर करायचा. ड्रिलच्या खुणेवर ठेवून केलात तर मनगट पिरगळेल.

ब्रशवाली (कार्बनच्या तुकड्यांतून वीज घेणारी) मोटर असेल तर मागच्या जाळीतून अंधारात बघा. कार्बनजवळ बारीक निळसर ठिणग्या चालतात. कम्युटेटरभोवती (कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोलाभोवती) आगीचं अख्खं कडं दिसलं तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळत आलंय, ते टूल घेऊ नका. नुसते कार्बन झिजले असतील तर तो किरकोळ खर्च आहे. कार्बनवर झीज-रेघ असते, तिच्यापर्यंत आले की जोडी बदलायची. जाळीला नाक लावून वास घ्या. जळलेल्या वार्निशचा उग्र, गोडसर वास एकदा बसला की सहसा जात नाही आणि तो मोटर तापून गेल्याचा पुरावा असतो. ब्रशलेस मोटरमध्ये कार्बन नसतात, पण तिचं इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलं तर दुरुस्ती बऱ्याचदा टूलच्या किमतीला जाऊन भिडते. म्हणून ब्रशलेस टूल निदान पाच मिनिटं ताणाखाली चालवून बघा, लाकडात मोठा स्क्रू घालून, नुसतं हवेत फिरवून नाही.

इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये बिट धरणारी कॉलर ओढून सोडा. ती स्वतः परत बसली पाहिजे आणि बिट ओढली तरी बाहेर येता कामा नये. बिट थोडी हलते, ते या टूलचं लक्षणच आहे.

ग्राइंडरबाबत मात्र अजिबात सूट देऊ नका. गार्ड नसेल, तर ‘नंतर मिळेल’ यावर विसंबून घेऊ नका. विकणाऱ्याने लावून ठेवलेल्या जुन्या डिस्कवर चाचणी घेऊ नका. डिस्क काढा, बॅटरी काढा आणि स्पिंडल हाताने फिरवा. खरखर जाणवली तर बेअरिंगमध्ये धूळ गेलीय. स्पिंडल-लॉकचं बटण दाबून ते घट्ट पकडतं का आणि सोडल्यावर वर येतं का, ते पाहा. स्विच चालू ठेवूनच बॅटरी सरकवली तर अनेक मॉडेल्स मुद्दाम सुरू होत नाहीत. तुमचं त्या जातीचं असून झट्दिशी सुरू झालं, तर ती सुरक्षा मेलेली आहे.

तिन्ही टूल्सच्या बॅटरीच्या खाचेत टॉर्च मारा. पितळी पात्यांजवळचं प्लास्टिक वितळलेलं किंवा तपकिरी झालं असेल, तर तिथे संपर्क सैल होऊन उष्णता झालीय. अशा टूलमध्ये नवी बॅटरी घातली तर ती नव्या बॅटरीचीही पाती जाळते. आणि सिरीयल नंबरची पट्टी खरवडलेली असेल तर ते टूल चोरीचं असू शकतं. कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

तुमच्या दोन बॅटऱ्यांना काय झालंय

५ एएचच्या पॅकमध्ये साधारणपणे १८६५० मापाचे दहा सेल असतात. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. दोन-दोन सेल शेजारी जोडून एक गट आणि असे पाच गट एकापुढे एक. यातला एक गट जरी इतरांच्या मागे पडला तरी सगळा पॅक त्याच्यावर अडतो. वापरताना तो गट आधी संपतो, म्हणून टूल लवकर थांबतं. चार्ज करताना चार्जर किंवा पॅकमधलं इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्या गटाला बघून चार्जिंगच नाकारतं, म्हणून लाल दिवा.

इथेच मल्टीमीटर फसवतो. चार गट ३.७ व्होल्टवर आणि पाचवा २.१ वर असेल, तर बाहेरच्या प्लस-मायनसवर १६.९ व्होल्ट दिसतात. आकडा ‘थोडा उतरलाय’ असा वाटतो, प्रत्यक्षात पॅक मेलेला असतो. म्हणून नुसत्या एकूण व्होल्टेजवर निकाल देऊ नका. डीवॉल्टच्या २० व्होल्ट मॅक्स पॅकवर प्लस-मायनसच्या मध्ये सी१ ते सी४ अशा पात्या असतात, त्या गटांमधल्या जोडांना जोडलेल्या असतात. पॅक न उघडता मायनस ते सी१, सी१ ते सी२ असं मोजत गेलं की पाचही गटांचे आकडे मिळतात. इतर बऱ्याच ब्रँडमध्ये त्यासाठी पॅक उघडावा लागतो. मोजताना मीटरची एकच सुई एकाच वेळी शेजारच्या दोन पात्यांना टेकू देऊ नका. एका क्षणाच्या शॉर्टमध्ये सुईचं टोक वितळतं.

जी बॅटरी लवकर उतरते, तिची खरी क्षमता मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॉटचे, एकाच जातीचे दोन हॅलोजन बल्ब सिरीजमध्ये जोडा. १८ व्होल्टच्या पॅकवर ते साधारण ४ अँपिअर ओढतात. पॅक पूर्ण चार्ज करा, तासभर राहू द्या आणि मोजा : २०.५ ते २१ व्होल्ट यायला हवेत. मग बल्ब लावून घड्याळ सुरू करा. नवा ५ एएचचा पॅक सव्वा तासाच्या आसपास चालेल. ५० मिनिटं चालला तर दोन-तृतीयांश जीव उरलाय, घरकामाला पुरेल. अर्ध्या तासाच्या आत आटोपला तर भंगार समजा. पूर्ण वेळ समोर बसा आणि १५ व्होल्टवर बल्ब काढून टाका. कारण अनेक पॅकमध्ये ‘आता पुरे’ म्हणणारी यंत्रणा बॅटरीत नसून टूलमध्ये असते. बल्बवर लावलेला पॅक कुणीही थांबवणार नाही आणि तळ गाठेल. बल्ब प्रचंड तापतात, ते लाकडावर किंवा कापडावर ठेवू नका.

लाल दिव्यावाल्या बॅटरीबाबत एक शक्यता तुमच्या बाजूची आहे. ती नुसती गरम असेल किंवा चार्जरच बिघडलेला असेल. दोन तास सावलीत ठेवून पुन्हा लावा आणि दुसऱ्या चार्जरवरही लावून बघा. तरी दिवा लुकलुकला, तर गट मोजा. पाचही गट सारखेच खाली असतील, समजा २.६ ते २.८ व्होल्ट, तर ती फक्त फार दिवस पडून राहिली असेल. करंट आणि व्होल्टेज दोन्ही बांधता येणाऱ्या बेंच पॉवर सप्लायवर ०.१ ते ०.२ अँपिअरने प्रत्येक गट ३ व्होल्टपर्यंत आणता येतो, मग कंपनीच्या चार्जरवर. त्यात सेल कोमट झाला किंवा एका दिवसात व्होल्टेज पुन्हा घसरला तर प्रयत्न सोडा.

एकही गट २ व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिला असेल तर त्याला जिवंत करू नका. चांगल्या पॅकमधून दोन वायरी लावून ‘धक्का’ द्यायचा उपाय सर्रास सांगितला जातो. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट करतं. असा सेल आठवडाभर व्यवस्थित चालून एखाद्या रात्री चार्जरवर पेट घेऊ शकतो.

९ एएचची स्वस्त बॅटरी

घेऊ नका, आणि याचं कारण साध्या गणितात आहे. १८६५० मापाचा सर्वांत जास्त क्षमतेचा सेल ३.५ एएचच्या आसपास जातो, आणि तोही जास्त करंट न देणाऱ्या जातीचा. टूलला लागणारा जोरकस सेल २ ते ३ एएचचा. दहा सेलच्या पॅकमध्ये दोन-दोनची जोडी असते, म्हणजे प्रामाणिक आकडा ४, ५ किंवा फार तर ६ एएच. त्याच आकाराच्या डब्यावर ९ एएच लिहिलंय म्हणजे लेबल खोटं आहे. २१७०० मापाचे जाड सेल घातलेले ८ एएच किंवा त्याहून मोठे ओरिजिनल पॅक आहेत, पण ते डोळ्यांना दिसण्याइतके मोठे असतात.

दुसरी परीक्षा वजनकाट्याची. एक १८६५० सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा. दहाचे साडेचारशे ग्रॅमच्या वर, शिवाय डबा, सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या आणि बोर्ड. खरा ५ एएचचा पॅक ६०० ग्रॅमच्या पुढे भरतो. ‘५ एएच’ लिहिलेला पॅक ४०० ग्रॅम भरला तर आत पाचच सेल आहेत. दिसायला सारखे, करंट कमी आणि तापमान सांगणाऱ्या थर्मिस्टरच्या जागी साधा रेझिस्टर, असेही पॅक विकले जातात. त्या रेझिस्टरमुळे चार्जरला बॅटरी कायम थंडच वाटते आणि तो उकळत्या पॅकमध्येही करंट ढकलत राहतो. आग लागते ती अशा जागी.

कंपनीची एकच ४ किंवा ५ एएचची नवी बॅटरी घ्या. पैसे साठले की दुसरी. ग्राइंडर ताणाखाली ३० अँपिअर किंवा जास्त ओढू शकतो. पाच १८६५० सेलच्या २ एएचच्या पॅकमध्ये तो सगळा करंट प्रत्येक सेलमधून जातो. दहाच्या पॅकमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा येतो, म्हणून तो कमी तापतो आणि जास्त वर्षं टिकतो. छोटी बॅटरी ड्रिलला आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरला हलकी म्हणून छान, ग्राइंडरला लावू नका. विकत घेताना पॅकवरची बनावटीची तारीख वाचा. दुकानात तीन वर्षं पडलेली ‘नवी’ बॅटरी नवी नसते.

सेल बदलले की नव्यासारखी होते का?

होऊ शकते, पण ज्याच्याकडे स्पॉट वेल्डर (क्षणभर करंट देऊन पट्टी सेलला चिकटवणारं यंत्र) नाही त्याने या वाटेला जाऊ नये. थेट सेलवर सोल्डरिंगचा डाग दिला की, विशेषतः मायनसच्या बाजूने, उष्णता आतल्या पडद्यापर्यंत आणि सीलपर्यंत पोचते. डाग छान चमकतो, सेल मात्र आतून दुखावलेला असतो. स्पॉट वेल्डर नसेल आणि फक्त एक पॅक दुरुस्त करायचा असेल, तर साहित्य आणि चांगले सेल मिळून खर्च नव्या ओरिजिनल बॅटरीच्या जवळ जातो. तुमच्या बाबतीत आम्ही हे सुचवणार नाही. तरी करायचंच असेल, किंवा कुणाकडून करून घ्यायचं असेल, तर काम नीट होतंय की नाही हे कळण्यापुरतं पुढे देतो.

फक्त मेलेला गट बदलून भागत नाही. बाकीचे आठ सेल तितकेच म्हातारे असतात; नवा गट आणि जुने गट काही महिन्यांत पुन्हा विषम होतात. अनेक टूल पॅकमध्ये गट समतोल करणारी सोयच नसते, त्यामुळे सुरुवातीला पडलेलं अंतर वाढतच जातं. दहाच्या दहा बदलायचे, एकाच मॉडेलचे, एकाच खेपेचे. लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल चालत नाहीत. ते सावकाश करंट देण्यासाठी बनलेले असतात, टूलवर तापतात. सॅमसंग २५आर, सोनी-मुराता व्हीटीसी५ किंवा मॉलिसेल पी२८ए अशा जोरकस जातीचे सेल खात्रीच्या विक्रेत्याकडून घ्यावेत. वेष्टनावर ‘९९०० एमएएच’ (म्हणजे ९.९ एएच) छापलेला १८६५० पाहिला की पुढे जावं.

सेल मागवण्याआधी बोर्डची खात्री करा. काही कंपन्यांचे पॅक पुन्हा पुन्हा बिघाड नोंदवला गेला की स्वतःला कायमचं कुलूप लावून घेतात. अशा बोर्डला सोन्याचे सेल जोडले तरी चार्जर लालच दाखवणार. तुमची लाल दिव्यावाली बॅटरी त्यातली असू शकते.

डब्याला बहुधा टी-१० मापाचे, मधोमध टोक असलेले टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) स्क्रू असतात. उघडल्यावर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि कुठली वायर कुठल्या गटावर, ते लिहून ठेवा. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पट्ट्या एकेक कापायच्या, कापलेलं टोक लगेच कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशन टेपने) झाकायचं. सेलच्या प्लस बटणाभोवतीचा काठ मायनस असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. दोघांमध्ये फक्त एक प्लास्टिकची चकती आणि वेष्टनाची पातळ कड असते. पट्टीने ती कड कापली की थेट शॉर्ट. म्हणून प्रत्येक प्लसवर चिकटणारी कागदी इन्सुलेशन रिंग लागलीच पाहिजे.

नवे सेल जोडण्याआधी प्रत्येकाचा व्होल्टेज मोजा, फरक ०.०२ च्या आत हवा. पट्टी शुद्ध निकेलची हवी. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टीही तशीच दिसते. एक तुकडा खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, गंजला तर लोखंड. ०.१५ मिलिमीटर जाड, ८ मिलिमीटर रुंद अशी एकेरी पट्टी टूलच्या करंटला अपुरी पडते. गटा-गटांमधल्या जोडाला ती दुहेरी लावावी किंवा पूर्ण रुंदीची घ्यावी. वेल्डिंगची ताकद आधी एखाद्या टाकाऊ, पूर्ण उतरवलेल्या सेलवर जुळवा : पक्कडीने पट्टी उचकटली तर पट्टी फाटून तिचे ठिपके सेलवर राहिले पाहिजेत. पट्टी सहज सुटून आली तर वेल्ड कच्चं आहे आणि धक्क्याने कामावर सुटणार.

बोर्ड जोडताना आधी मायनस, मग खालून वर एकेक गटाची वायर, शेवटी मुख्य प्लस. थर्मिस्टर मूळ जागी, सेलला टेकून बसवा, हवेत लोंबकळता नको. पहिलं चार्जिंग उघड्यावर, फरशीवर किंवा विटांवर, आणि पूर्ण वेळ समोर बसून. चार्ज झाल्यावर गटांमध्ये ०.०३ व्होल्टपर्यंत फरक ठीक, ०.१ दिसला तर काम परत उघडायचं. सेलमधून फुसफुस आवाज, धूर किंवा गोडसर सॉल्व्हंटसारखा वास आला तर हातात धरून निरखत बसू नका. चार्जर भिंतीतून बंद करा, लांब व्हा आणि सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी मारता आलं तर मारा. लिथियम-आयन सेल थंड करायला पाणीच कामाला येतं.

वडिलांचं १४.४ व्होल्टचं ड्रिल

त्यात १.२ व्होल्टचे बारा निकेल-कॅडमियम सेल आहेत, सब-सी नावाच्या मापाचे. त्या जागी चार लिथियम सेल सिरीजमध्ये बसवले तर मोटरला अडचण नाही : चार लिथियम पूर्ण चार्ज झाले की १६.८ व्होल्ट, आणि चार्जरवरून नुकतीच काढलेली बारा सेलची निकेल बॅटरीही त्याच्या आसपासच असते. अडचण बाकीच्या गोष्टींची आहे. त्या ड्रिलला बॅटरी संपल्याचं कळत नाही, म्हणून चार सेलचा, निदान ३० अँपिअर सतत देणारा संरक्षक बोर्ड पॅकमध्येच हवा. हलका बोर्ड घातला तर ट्रिगर दाबताक्षणी येणाऱ्या झटक्याने तो सारखा बंद होत राहील. चार्जर वेगळा, १६.८ व्होल्टवर थांबणारा लिथियमचा हवा. जुना निकेलचा चार्जर लिथियमला कधीही लावायचा नाही. बॅटरी भरल्यावर निकेल सेलचा व्होल्टेज किंचित पडतो, ते पाहून तो थांबतो. लिथियमचा व्होल्टेज तसा पडत नाही, त्यामुळे तो थांबतच नाही. बदल केलात तर त्याच दिवशी जुन्या चार्जरची वायर कापा, नाही तर घरातलं कुणी तरी सवयीने लावेल.

तेच माप ठेवून नवे निकेल-कॅडमियम सेल बसवले तर जुना चार्जर चालतो. निकेल-मेटल हायड्राइड सेल मात्र फक्त कॅडमियमसाठी बनलेल्या फास्ट चार्जरवर लावू नका. भरल्यावरचा त्यांचा व्होल्टेजचा उतार खूपच बारीक असतो, चार्जरला तो कळत नाही आणि सेल तापतात. ड्रिल वडिलांची आठवण म्हणून चालतं ठेवायचं असेल तर हा निकेलचा मार्ग धरा. रोजच्या कामासाठी त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, कारण तेच पैसे नव्या १८ व्होल्टच्या बॅटरीत घातले तर तीन टूल्स चालतात.

सौदा झाला तर नवी बॅटरी चार्जरवर अडकवून ठेवून देऊ नका. महिनाभर काम नसेल तर निम्म्या चार्जवर, म्हणजे १८.५ ते १९ व्होल्टवर, टूलमधून काढून थंड जागी ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी एकदा मोजा. ग्राइंडरवरून उतरवलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास निवू द्या. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करू नका, सेलमध्ये लिथियम धातूचा थर साचतो आणि तो परत जात नाही. त्या दोन मेलेल्या बॅटऱ्यांच्या पात्यांवर आजच इन्सुलेशन टेप लावा, खिळे-स्क्रूच्या डब्यात टाकू नका. लिथियम असो वा कॅडमियम, घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. कॅडमियम विषारी आहे, तेव्हा वडिलांचा जुना पॅक उघडलात आणि एखादा सेल पाझरलेला दिसला तर हातमोजे घालूनच त्याला हात लावा.